कोपऱ्याचं अक्षर

शाळेत खळबाईचं कुणाशी पटत नसे, आणि पटावं असं तिला कधी वाटलंही नाही. मुख्य जिन्याखाली एक बुटकी खोली होती. तिथं ती गेली एकतीस वर्षं फाटकी पुस्तकं बांधत होती. खोलीत एक लांब टेबल, एक लोखंडी प्रेस, भोकं पाडायच्या आऱ्या, सुया, मेण लावलेला दोरा आणि शेगडीवर कागद चिकटवायच्या खळीचं पातेलं. त्या खळीच्या वासावरून मुलांनी तिचं नाव खळबाई पाडलं. पुढं शिक्षकांच्याही लक्षात आलं की या बाईला कुठलंही काम सांगा, अर्धा तास खळखळ केल्याशिवाय ती हात लावत नाही. मग ते नाव पक्कंच झालं. खरं नाव हजेरीपटावर तेवढं उरलं.

शाळा ज्यूंची. दिवस प्रार्थनेनं उघडायचा, मग हिब्रू वाचन, मग गणित, भूगोल आणि बाकीचं सगळं. ज्या पुस्तकात देवाचं नाव छापलेलं आहे ते फाटलं तरी रद्दीत जात नाही. बांधता आलं तर बांधायचं. बांधण्यापलीकडे गेलं असेल तर लाकडी पेटीत ठेवायचं आणि पेटी भरली की माणसाला पुरतात तसं नीट पुरायचं. कुठलं पुस्तक सुईखाली जाईल आणि कुठलं पेटीत, हे खळबाई ठरवायची. या एका अधिकारावर तिचा ताठा उभा होता. शिपाई एखादं फाटकं पुस्तक परस्पर पेटीत टाकायला गेला, तर ती त्याला अशी काही फैलावर घ्यायची की तो पुन्हा जिन्याखाली वाकूनही बघत नसे.

अशा खोलीत एक दिवस मुकीला पाठवण्यात आलं.

मुकी नऊ वर्षांची होती. तिच्या नावालाही इतिहास आहे. पवित्र पुस्तक हातातून पडलं तर ते उचलून त्याचा मुका घ्यायचा, असा तिथला रिवाज. बाकीच्या मुलांवर ही वेळ महिन्यातून एखाद्या वेळी यायची, हिच्यावर दिवसातून पंधरा वेळा. पाडलं की मुका, पाडलं की मुका. वर्गानं तिला मुकी म्हणायला सुरुवात केली. आणि ही मुकी एक मिनिट तोंड मिटून बसेल तर शपथ.

डॉक्टरांनी तिच्या आईला कागदावर एडीएचडी असं लिहून दिलं होतं. लक्ष एका जागी टिकत नाही, हातपाय स्वस्थ राहत नाहीत, आणि पोर हे मुद्दाम करत नाही, असा त्याचा अर्थ. सकाळची एक गोळी सुरू होती. गोळीनं ती खुर्चीवर बऱ्यापैकी टिकायला लागली होती, पण ओळीवर टिकत नव्हती. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, यांनी तो कागद फायलीत लावला आणि फाईल कपाटात ठेवली. हिब्रूच्या गुरुजींनी तो उघडूनही पाहिला नाही. त्यांनी मुकीला आधी वर्गाच्या कोपऱ्यात उभं केलं, मग दाराबाहेर. दाराबाहेरून ती आतल्या मुलांना वेडावून दाखवायला लागली तेव्हा त्यांना जिन्याखालची खोली आठवली.

"गुरुजींनी सांगितलंय, इथं बस म्हणून," मुकी दारात उभी राहून म्हणाली, आणि बोलता बोलता तिनं दाराची कडी तीनदा वरखाली केली.

"ही काय धर्मशाळा आहे?"

"नाही. पण धर्माची शाळा आहे ना?"

खळबाईला हसू आलं नाही. तिनं एका रिकाम्या खोक्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "तिथं बस. हात लावशील तर हात कापीन."

मुकी दोन मिनिटं बसली. तिसऱ्या मिनिटाला ती प्रेसचं चाक फिरवत होती. खळबाईनं तिला कुठं कापलं नाही, पण तोंडानं सोलून काढलं. दुसऱ्या दिवशी मुकी पुन्हा आली, आणि तिसऱ्याही. आठवड्याभरात हिब्रूचा तास म्हणजे जिन्याखाली, असं वेळापत्रकच होऊन बसलं. खळबाई गुरुजींना जिन्यात गाठून म्हणाली, "माझी खोली म्हणजे तुमची अडगळ नव्हे." गुरुजी म्हणाले, "माझाही वर्ग नव्हे," आणि वर चढून गेले.

एका दुपारी मुकीची आई तिला न्यायला खाली आली. ती एका प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने घ्यायची. दिवसभर लोकांच्या शिरा शोधणारे तिचे हात एरवी जराही हलत नसत. त्या दिवशी तिला मुकीच्या दप्तराचं बक्कल लावता येईना. ती सरळ मोठ्या बाईंच्या खोलीतून आली होती.

"सत्र संपताना परीक्षा घेणार आहेत," ती म्हणाली. विचारलं कुणीच नव्हतं. "पवित्र ग्रंथाच्या पहिल्या अध्यायाची पहिली पाच वचनं, जग निर्माण झालं ती. जागेवर बसून, न थांबता. नाही जमलं तर दुसरी शाळा बघा म्हणाल्या."

"मग बघा की," खळबाई मान वर न करता म्हणाली. "शाळांना काय तोटा आहे?"

"आमच्या घरात हिब्रू धड कुणाला येत नाही. माझ्या वडिलांपर्यंत होती, मग गेली. या पोरीला अर्धीमुर्धी येतेय, तेवढीच. आज तिला इथून काढलं तर अक्षरं तुटली. एकदा तुटली की परत कोण शिकवतंय, आणि कोण शिकतंय?" आईनं मुकीचं दप्तर खांद्याला लावलं. "तुम्हाला काय म्हणा. तुम्हाला सगळं वाचता येतं."

त्या निघून गेल्यावर खळबाईच्या हातातली खळ वाळून गेली तरी तिचं लक्ष नव्हतं.

कारण तिला वाचता येत नव्हतं. बाजारातली पाटी, वर्तमानपत्र, शिपायानं भिंतीवर खडूनं लिहिलेली शिवी, हे सगळं यायचं. हिब्रू येत नव्हती. तीही लहानपणी अशाच एका शाळेत होती, दुसऱ्या गावातल्या. तिचेही पाय खुर्चीखाली स्वस्थ नसत आणि ओळीही डोळ्यांपुढून सटकत. तेव्हा कुठले डॉक्टर आणि कुठला कागद! तिलाही कोपऱ्यात उभं करत. नवव्या वर्षी शाळेनं तिला घरी पाठवलं, अकराव्या वर्षी मामानं बाइंडिंगच्या दुकानात बसवलं. प्रार्थना तिला पाठ होत्या, ऐकून ऐकून. पुस्तक समोर धरून ओठ हलवले की कुणाला काय कळतंय? पानांवर साधे आकडे असले की बांधणीचं काम निभून जायचं. जुन्या पुस्तकांत आकड्यांच्या जागीही अक्षरंच असत. तेव्हा फर्मे, म्हणजे एकत्र शिवायचे पानांचे जुडगे, सुटे करतानाच ती प्रत्येकावर पेन्सिलीनं खूण करून ठेवायची. अशी एकतीस वर्षं काढली होती. कुणाला पत्ता लागू दिला नव्हता.

पत्ता लागला तो मुकीला, आणि तोही तिच्याच धांदरटपणामुळं.

एका जुन्या प्रार्थनेच्या पुस्तकाचे सुटे फर्मे टेबलावर रचलेले होते. मुकीचं कोपर लागलं आणि अख्खा ढीग जमिनीवर. कागद जुना, पिवळा पडलेला. खळबाईची पेन्सिलीची खूण निम्म्या फर्म्यांवर पुसून गेलेली. मुकीनं प्रत्येक फर्मा उचलून त्याचा मुका घेतला, आणि खळबाईनं तिला तोंडाला येईल ते बोलत अंदाजानं ढीग पुन्हा लावला. शिवला, पाठीला कापड चिकटवलं, प्रेसमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी मुकीनं ते पुस्तक उघडलं.

"हे उलटं आहे."

"ठेव खाली."

"नाही, खरंच. मधला फर्मा उलटा शिवलाय. अक्षरं डोक्यावर उभी आहेत."

खळबाईनं पुस्तक ओढून घेतलं आणि बघितलं. तिला सुलटंही तसंच दिसायचं, उलटंही तसंच. ती म्हणाली, "काही उलटं नाही." हे बोलायला नको होतं.

मुकी तिच्याकडं बघत राहिली. जिची नजर एका जागी पाच सेकंद ठरत नसे ती पोर पुरं अर्धं मिनिट हलली नाही. मग म्हणाली, "तुम्हाला येत नाही."

"काय येत नाही?"

"वाचायला. सांगू मोठ्या बाईंना?"

खळबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. हातात आरी होती ती तिनं टेबलावर आपटली. "सांग जा! आणि बाहेर हो! पुन्हा पाय ठेवलास तर तंगडं मोडीन!"

मुकी गेली नाही. तिनं खोक्यावर उडी मारली, पुन्हा खाली उडी मारली आणि म्हणाली, "सांगणार नाही. पण मग मला बस म्हणायचं नाही. मी इथं उभी राहणार. आणि मी तुम्हाला शिकवणार."

"तू? तुला स्वतःला धड येत नाही!"

"तुमच्यापेक्षा येतं."

खळबाई हरली ती अशी, आणि हरल्याचा राग तिनं पुढचे दोन महिने रोज थोडा थोडा काढला.

शिकवणीही कसली, रोजची भांडणं होती. मुकी गुरुजींची नक्कल करत खोलीभर फिरायची आणि ओरडायची, "लक्ष कुठंय तुमचं?" खळबाई ओरडायची, "लक्ष सुईत आहे, बोट टोचलं तर तुझा बाप रक्त भरणार?" शेवटी त्यातूनच रीत निघाली. एक ओळ वाचायची, एक टाका घालायचा. टाका घालताना मुकीचे हात कामात असत, आणि कामात असलेले हात तिचं डोकं जागेवर ठेवत. ओळ वाचताना तिनं हवं तेवढं डोलावं, उड्या माराव्यात, खिडकीपर्यंत जाऊन यावं. खळबाईनं पुठ्ठ्याच्या तुकड्यात एक लांबट फट कापली. ती पानावर ठेवली की एकच ओळ दिसायची, बाकीचं पान झाकलेलं. मुकीनं ती पहिल्यांदा ठेवली आणि म्हणाली, "अरेच्चा, ओळ पळत नाही." खळबाईला आठवलं की तिच्याही ओळी पळायच्या, आणि तिला कुणी असा दीड बोटांचा पुठ्ठा कापून दिला नव्हता. तिला त्या मेलेल्या शिक्षकांचा इतका राग आला की ते जिवंत असते तर तिनं जाऊन जाब विचारला असता.

त्या दोघींचं हाडवैर एका अक्षरावरून होतं. हिब्रूत दोन अक्षरं आहेत, दालेत आणि रेश. दोन्हींत वर एक आडवी रेघ, खाली एक उभी. रेशचा खांदा गोल, दालेतच्या खांद्याला मागं एक टोक, एक कोपरा. फरक काय तो एवढाच. आणि पाचव्या वचनाचा शेवट होतो तो "योम एखाद" या शब्दांनी. संध्याकाळ झाली, सकाळ झाली, एक दिवस झाला. एखाद म्हणजे एक. त्याच्या शेवटी दालेत आहे. तिथं रेश वाचलं की ते होतं अखेर, म्हणजे दुसरा. अक्षरांखालच्या टिंबांनी उच्चार कळतो, पण खळबाईला टिंबं अजून वाचता येत नसत आणि ती अंदाजानं ठोकून द्यायची.

"योम अखेर."

"एखाद!" मुकी टेबलावर मूठ आपटायची. "जग आत्ताच सुरू झालंय. पहिलाच दिवस आहे, आणि तुम्ही दुसरा म्हणता! कोपरा बघा ना, कोपरा! कोपरा विसरलात की झालं अखेर!"

"कोपऱ्याचं मला सांगू नकोस. तुझ्याआधी उभी राहिलेय मी कोपऱ्यात."

हे तिच्या तोंडून निसटलं. पुढची ओळ मुकीनं जरा हळू वाचली.

परीक्षेला आठवडा राहिला तेव्हा खळबाई एप्रनसकट दुसऱ्या मजल्यावर, मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. एकतीस वर्षांत ती त्या खोलीत चारदा गेली असेल, आणि चारही वेळा भांडायला.

"मोठ्या बाई, त्या पोरीला उभं राहून वाचू द्या. आणि एका वेळी एक ओळ बघू द्या. सगळं येतं तिला."

"तुम्ही पुस्तकं बांधा," मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या. त्यांच्या टेबलावर एकही कागद तिरपा नसायचा.

"बांधतेच आहे. पण सकाळी प्रार्थनेला तुम्ही सगळे डोलता. गुरुजी तर इतके डोलतात की पुढच्या रांगेला वारा लागतो. तुमचे जुने विद्वान दोघं दोघं समोरासमोर बसून, हातवारे करत, आरडाओरडा करत शिकले, असं तुम्हीच दर वर्षी भाषणात सांगता. ते डोलले तर विद्या, आणि ही डोलली तर बेशिस्त?"

"ती प्रार्थना आहे, हा वर्ग आहे. आज एकीला उभं केलं, उद्या वर्गातले पंचवीसजण उभे राहतील."

"राहू देत. खुर्च्या तरी टिकतील."

मोठ्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "मी पंचवीस मुलांना उत्तर देणं लागते, तुम्ही एकीला. ती या शाळेत रमत नाही हे तिच्या आईला दिसत नाही, मला दिसतं. काही मुलं इथं बसत नाहीत."

"पुस्तकसुद्धा पुरायच्या पेटीत टाकण्याआधी मी तीनदा उलटून बघते," खळबाई म्हणाली. "तुम्ही तिची फाईलसुद्धा एकदा उघडली नाहीत."

"तुमचा मुलांच्या शिक्षणाशी काय संबंध?" मोठ्या बाईंनी विचारलं.

संबंध होता, पण तो सांगायचा म्हणजे एकतीस वर्षं सांगायची. खळबाईनं दार आपटलं आणि खाली येऊन शिपायाला विनाकारण झापलं.

परीक्षेच्या दिवशी मोठ्या बाईंच्या खोलीत एक खुर्ची मधोमध ठेवली होती. समोर मोठ्या बाई, शेजारी पेन्सिल घेऊन गुरुजी. आईला भिंतीशी बसवलं होतं, मधे बोलायचं नाही या अटीवर. खळबाईला कुणी बोलावलं नव्हतं. ती बांधून झालेल्या पुस्तकांची चळत घेऊन वर गेली आणि दारात रेंगाळली. पुस्तकं द्यायला आलेल्या बाईला कोण हाकलणार?

"हात टेबलावर," गुरुजी म्हणाले. "पाय जुळव. पुठ्ठा बाजूला ठेव, इथं असलं काही लागत नाही. हं, वाच."

मुकीनं पहिलं वचन वाचलं. दुसऱ्याच्या मध्यात तिचा एक पाय हलला. गुरुजींनी पेन्सिल वाजवली, तिनं पाय दाबून धरला आणि ओळ निसटली. दाराकडून खळबाईला तिची पाठ दिसत होती. खांदे वर गेलेले, मान आखडलेली. पोर सगळा जीव गोळा करून फक्त न हलण्याचं काम करत होती, वाचायला काही शिल्लकच नव्हतं. मिनिट गेलं. ती आज खरोखर मुकी झाली होती.

आईनं डोळे मिटून घेतले होते.

"पुरे," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कठोर नव्हता, आणि खळबाईला त्याचाच जास्त संताप आला. "घाबरू नकोस बाळ. तुझ्यासाठी बरी शाळा आपण शोधू."

खळबाईनं पुस्तकांची चळत दाणकन टेबलावर ठेवली.

"मी वाचते," ती म्हणाली.

"तुम्ही कशाला?"

"मी वाचते, आणि मग तुम्ही ठरवा." तिनं मुकीच्या समोरचं पुस्तक ओढून घेतलं, बाजूला टाकलेला पुठ्ठा उचलून पानावर ठेवला आणि उभ्यानं सुरुवात केली. तिच्या डोक्यात होतं ते एवढंच की आपण पाचही वचनं घडाघडा वाचावीत, आणि मग यांच्या तोंडावर फेकावं की हे मला या पोरीनं शिकवलं. ती एकेक शब्द बोटानं ढकलत गेली. गुरुजींच्या भुवया पहिल्याच ओळीला वर गेल्या. जन्मभर प्रार्थनेची पुस्तकं हाताळणारी बाई बालवर्गातल्या पोरासारखी अडखळत होती. खळबाईला ते दिसत होतं. तरी ती थांबली नाही. चौथं वचन गेलं. पाचवं आलं. संध्याकाळ झाली, सकाळ झाली.

"योम अखेर," खळबाई म्हणाली.

पुढं पुष्कळांनी तिला विचारलं की बाई, ती चूक तुम्ही मुद्दाम केलीत ना? ती देवाशपथ सांगायची की नाही. ती खरोखर चुकली होती. सगळ्यांसमोर, नको तिथं, नको त्या शब्दावर.

मधली खुर्ची मागं कोसळली.

"एखाद!" मुकी उभी राहून ओरडली. "एखाद, एखाद! किती वेळा सांगितलं! दालेत आहे ते! कोपरा दिसत नाही का तुम्हाला? आणा इकडं!"

तिनं पुस्तक हिसकावलं. ते हातातून पडलं, तिनं उचललं, मुका घेतला आणि पहिल्या वचनापासून सुरू केलं. ती डोलत होती, एका पायावरून दुसऱ्यावर जात होती. तिसऱ्या वचनाला ती खिडकीपाशी होती, चौथ्याला कपाटापाशी. तेच कपाट, ज्यात तिची फाईल होती. पुठ्ठ्याची फट एकेक ओळ खाली सरकत होती आणि आवाज कुठंही अडत नव्हता. "योम एखाद" ला तिनं खळबाईच्या नाकासमोर पुस्तक नेलं आणि दालेतच्या कोपऱ्यावर बोट दाबलं.

"दिसला?"

"दिसला," खळबाई म्हणाली.

आई भिंतीशी उभी राहून रडत होती. गुरुजींच्या हातातली पेन्सिल थांबली होती. मोठ्या बाई मात्र मुकीकडं बघत नव्हत्या.

"म्हणजे तुम्हाला वाचता येत नाही," त्या खळबाईला म्हणाल्या.

"आता थोडं येतं."

"कुणी शिकवलं?"

"मी," मुकी म्हणाली. "अजून टिंबं यायची आहेत."

मोठ्या बाई वाईट होत्या असं नाही. नियम म्हटला की त्यांना पुढचं काही दिसायचं नाही, एवढंच. मुकीनं पाच वचनं न थांबता वाचली होती. बसून नव्हे, पण वाचली होती, आणि गुरुजींनीही चूक काढली नाही. उलट ते घसा खाकरून म्हणाले की खिडकीजवळ एक जागा उभं राहण्यासाठी करता येईल. पुठ्ठ्यालाही त्यांनी हरकत घेतली नाही. मुकी शाळेत राहिली. मोठ्या बाईंनी तसं तिथल्या तिथं लिहून आईच्या हातात दिलं.

मग त्यांनी दुसरा कागद घेतला. "आणि बाइंडरबाई, अक्षर न ओळखणाऱ्या माणसाच्या हाती पवित्र पुस्तकं मी ठेवू शकत नाही. एकतीस वर्षांत काय काय उलटंसुलटं शिवलं गेलं असेल, देव जाणे. सत्रअखेर तुमचं काम थांबेल."

"हे अखेर मला बरोबर वाचता येतं," खळबाई म्हणाली.

आई पुढं झाली. "अहो बाई, त्यांच्यामुळंच तर..."

"तुम्ही गप्प बसा," खळबाई तिच्यावरच उखडली. "तुमचं काम झालंय ना? मग न्या पोरीला घरी."

खोली सोडताना तिनं आऱ्या आणि प्रेस नेली. ती मामाची होती. मधला फर्मा उलटा असलेलं ते पुस्तक तिनं उसवून, मुकीला विचारून, नीट शिवलं आणि कपाटात ठेवलं. निरोप घ्यायला कुणी आलं नाही, आणि आलं असतं तर तिनं हाकललंच असतं. घरी, पुढच्या खोलीत, ती वकिलांचे कागद आणि कॉलेजच्या मुलांचे प्रबंध बांधायला लागली. त्या कामात तिला काडीचा रस नव्हता. ती पोरं पानं उलटी लावून आणत आणि वर तिलाच शहाणपण शिकवत.

तीन महिन्यांनी एका संध्याकाळी दाराची कडी वाजली. तीनदा, वरखाली.

मुकी दारात होती. आई खाली रस्त्यावर थांबली होती. मुकीच्या हातात पहिल्या अध्यायाचं पुस्तक होतं, पाठ सुटलेली, फर्मे मोकळे.

"उसवलं," ती म्हणाली.

"उसवलं की उसवलंस?"

मुकीनं एक उडी मारली. "उसवलं मी. शाळेत आता बांधायला कुणी नाही, बाहेर देतात. मी म्हटलं, मीच नेते."

"अगं कार्टे, देवाचं नाव आहे त्यात! काही लाज?"

"आधी मुका घेतला ना."

खळबाईनं पुस्तक तिच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं आणि दिव्याखाली धरलं. पान एकही फाटलेलं नव्हतं. दोरा तेवढा कापला होता, तोही गाठीपाशी, जिथं कापायचा असतो तिथंच. प्रत्येक फर्म्याच्या वरच्या कडेला पेन्सिलीची बारीक खूण होती. आकडे नव्हते. अक्षरं होती. पहिल्यावर पहिलं, दुसऱ्यावर दुसरं, तिसऱ्यावर तिसरं. चौथ्या फर्म्यावर चौथं, म्हणजे दालेत होतं, आणि त्याचा कोपरा जाड होईपर्यंत पुन्हा पुन्हा गिरवलेला होता.

खळबाईला रडू आलं, आणि रडू आल्याचा तिला भयंकर राग आला. तिनं सुई घेतली, दोऱ्याला मेण लावलं, आणि दोरा नेढ्यात ओवायला तिला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. मुकी एव्हाना स्टुलाकडं वळली होती.

"बसायचं नाही," खळबाई खेकसली. "उभी राहा, आणि वाच."